सोसायटीची एजीएम आणि फुकटातली एआय साधनं: नव्या सेक्रेटरीचा अनुभव

आमच्या सोसायटीच्या जुन्या सेक्रेटरी काकांनी मे २०२५ मध्ये फ्लॅट विकला आणि ते मुलाकडे बंगळूरला गेले. डोंबिवलीतली ४२ फ्लॅटची, दोन विंगची साधी सोसायटी. मी ठाण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. "तुला कॉम्प्युटर येतो" एवढ्या एका गुणावर जूनच्या पहिल्या आठवड्यात कमिटीने सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात घातलं. हातात काय आलं? एक लोखंडी कपाट, काही फायली, एक पेनड्राइव्ह आणि रबरी शिक्का.

कामाची यादी मात्र लांबलचक होती. ३१ मार्चअखेरचे हिशोब तयार करून ३१ जुलैच्या आत ऑडिट, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा (एजीएम), त्याआधी नोटीस, अहवाल, थकबाकीची यादी, नंतर इतिवृत्त आणि रजिस्ट्रारकडे भरायची वार्षिक विवरणपत्रं. शिवाय गळकी टाकी, लिफ्टचा वार्षिक देखभाल करार (एएमसी) आणि पार्किंगची भांडणं ही रोजची कामं होतीच. नोकरीच्या दिवशी घरी पोचायलाच मला आठ वाजतात. मग ठरवलं, कारकुनी कामाला एआयची जी साधनं फुकट मिळतात ती वापरायची. पैसे भरून काही घ्यायचं नाही, कारण महिना पाचशे रुपयांच्या खर्चालाही सभेत "हे कशाला?" असा प्रश्न येतो आणि उत्तर देत उभं मला राहावं लागतं.

कुणी नवा सेक्रेटरी किंवा खजिनदार असाच अडकला असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली अडचण आली ती एआयच्या दारापर्यंत पोचण्याआधीच. पेनड्राइव्हमध्ये दहा-बारा वर्षांच्या नोटिसा, अहवाल आणि इतिवृत्तं होती, सगळी मराठीत. माझ्या लॅपटॉपवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. काकांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं, युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसते ती पद्धत) आधीच्या. तो फॉन्ट माझ्याकडे नाही आणि चॅटबॉटला ते आतून इंग्रजी अक्षरांसारखंच दिसतं. मी एक परिच्छेद तसाच चिकटवून "हे मराठीत वाच" म्हणून पाहिलं. त्याने अत्यंत आत्मविश्वासाने एक नोटीस लिहून दिली, जिचा मूळ मजकुराशी काडीचाही संबंध नव्हता. मूळ कागदाची झेरॉक्स फाइलला होती म्हणून कळलं.

यावरचा उपाय सोपा आहे, पण कुणी सांगत नाही. मजकूर कॉपी करायचा नाही, त्याचं चित्र करायचं. म्हणजे फाइल जिथे नीट दिसते त्या कॉम्प्युटरवर प्रिंट किंवा पीडीएफ काढायची, नाहीतर सरळ कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा. तो गूगल ड्राइव्हवर चढवायचा, कॉम्प्युटरवरून त्या फाइलवर उजवं क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडायचा. वर चित्र आणि खाली युनिकोडमधला मजकूर मिळतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवायची, फोटो सरळ आणि उजेडात काढायचा. छापील मराठी बहुतेक बरोबर उतरतं. जोडाक्षरं आणि रफार मधूनमधून चुकतात, ते हाताने सुधारावे लागतात. तक्ते मात्र मोडतात, त्यामुळे आकड्यांची पानं मी सरळ गूगल शीट्समध्ये टाइप केली. यात जूनमधले दोन शनिवार-रविवार गेले. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहिलं.

मग उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली. आमच्याकडे उपविधींचं छापील मराठी पुस्तक आहे, बारीक टाइपातलं. ते वाचून लक्षात ठेवणं माझ्याच्याने झालं नसतं. त्याची पानं वरच्याच पद्धतीने मजकुरात आणली आणि गूगलच्या नोटबुकएलएममध्ये टाकली. हे साधन मला या सगळ्यात सर्वांत कामाचं वाटलं. त्यात आपण आपलेच कागद द्यायचे, फुकटच्या खात्यात एका वहीला ५० पर्यंत कागद चालतात, आणि प्रश्न विचारला की ते त्या कागदांतून उत्तर शोधतं. उत्तरात आकडा टाकलेला असतो, त्यावर टिचकी मारली की मूळ परिच्छेद समोर येतो. "सभासदाने फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क किती?" असं विचारलं की सेवा शुल्काच्या १० टक्के, आणि बाजूला ते कलम. "सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किती घ्यायचा?" बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के, पुन्हा कलमासकट. कमिटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन अण्णांनी "पण असं कुठे लिहिलंय?" म्हटलं की मी मोबाइल पुढे सरकवायचे. अण्णा चष्मा लावून कलम वाचायचे आणि विषय तिथेच मिटायचा.

साध्या चॅटबॉटला कायद्याचं विचारायचं असेल तर मात्र सावध. मी एका प्रसिद्ध चॅटबॉटला, कुठलाही कागद न देता, विचारलं होतं की सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस किती दिवस आधी काढायची. त्याने २१ दिवस सांगितलं. वाचायला एकदम कायदेशीर, मुद्देसूद. उपविधीत आहे पूर्ण १४ दिवस. २१ दिवसांचा नियम कंपनी कायद्यातला, लिमिटेड कंपन्यांच्या सभांसाठीचा. अकाउंट्समध्ये असल्यामुळे मला तो आकडा ओळखीचा वाटला. नसता तर मी तारीख उगाच आठवडाभर पुढे ढकलली असती, आणि आमच्या कॅलेंडरमध्ये तेवढी जागाच नव्हती.

ऑडिटचं थोडक्यात सांगते, कारण तिथे एआयचा फारसा संबंध आला नाही. खजिनदार काका वही हाताने लिहितात, शिस्तीने लिहितात. ऑडिटरांना व्हाउचर, बँक स्टेटमेंट आणि रोकड वही लागते, ती कपाटातूनच काढावी लागतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अहवाल हातात पडला. त्यातल्या शेऱ्यांना उत्तर म्हणून ओ नमुन्यातला दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. त्याचा कच्चा मसुदा चॅटबॉटकडून करून घेतला, पण प्रत्येक शेऱ्यावर काय कारवाई केली हे त्याला कुठून कळणार? ते मी आणि काकांनी बसूनच लिहिलं.

सभेची तारीख हा वेगळाच किस्सा. गणपती २७ ऑगस्टला, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, पाठोपाठ पितृपक्ष, २२ ला घटस्थापना. चॅटबॉटला सप्टेंबरमधले सोयीचे रविवार विचारले तर त्याने २८ तारीख सुचवली. त्या आठवड्यात आमच्या हॉलमध्ये रोज गरबा असतो, तिथे खुर्ची टाकायला जागा नाही. १४ तारीख घ्यायची तर नोटीस गणपतीच्या पहिल्या दिवसांतच वाटावी लागणार, आणि तेव्हा निम्मी सोसायटी कोकणात. उरला २१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या. अण्णांनी नाक मुरडलं. शेवटी सभा संध्याकाळी साडेपाचला ठेवायची ठरली, म्हणजे ज्यांच्याकडे पान असतं त्यांचं दुपारपर्यंत उरकलेलं असतं. पूर्ण १४ दिवस मोजताना नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरायचे नाहीत, म्हणजे ६ सप्टेंबर ही शेवटची तारीख. आम्ही ४ आणि ५ तारखेला घरोघर वाटून सह्या घेतल्या. बाहेरगावच्या मालकांना पोस्टाने आणि ईमेलने पाठवली.

नोटिशीचा मजकूर एआयने छान करून दिला, पण एक युक्ती करावी लागली. नुसतं "सभेची नोटीस लिही" म्हटलं की सरकारी उद्घाटनाच्या निमंत्रणासारखं काहीतरी येतं. मी मागच्या दोन वर्षांच्या नोटिसा आधी दिल्या आणि लिहिलं: "या दोन नोटिसा वाच. याच पद्धतीने, याच क्रमाने या वर्षीची नोटीस लिही. सभा २१ सप्टेंबर २०२५, रविवार, सायंकाळी ५.३०, सोसायटीचे आवार. विषय मी खाली देते तेवढेच घे, नवीन विषय घालू नकोस. जे माहीत नसेल तिथे रिकामी जागा सोड." शेवटची दोन वाक्यं फार महत्त्वाची. ती नसली की हा मदतनीस रिकाम्या जागा मनाने भरतो. "तू तीस वर्षांचा अनुभवी सेक्रेटरी आहेस" वगैरे नाटक बरेच जण शिकवतात. मला त्याने काही फरक जाणवला नाही. नमुना दिल्याने जाणवला.

मराठीत काम करताना फुकटच्या वापराची मर्यादा लवकर संपते का, असं मला एका मैत्रिणीने विचारलं. पूर्वी हे बरंच खरं होतं. ही यंत्रं मजकुराचे तुकडे करून वाचतात आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीच्या मानाने खूप जास्त व्हायचे. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीने नवं मॉडेल आणलं तेव्हा त्यांनीच उदाहरण दिलं होतं, मराठीतल्या एका छोट्या मजकुराचे आधी ९६ तुकडे व्हायचे, ते ३३ वर आले. तरी लांबलचक मजकूर एकदम टाकण्यापेक्षा एकेक पान द्यावं. मर्यादा संपलीच तर दुसऱ्या साधनाकडे जायचं. मी चॅटजीपीटी आणि गूगलचं जेमिनी दोन्ही उघडी ठेवत असे.

आता थकबाकी. आमच्या उपविधीप्रमाणे थकबाकीवर वर्षाला २१ टक्के सरळव्याज. यादी मी शीट्समध्ये करायला घेतली आणि सूत्र एआयला विचारलं. आलेलं सूत्र चाललं, आकडे पडले, सगळं झकास दिसत होतं. सवयीने एका फ्लॅटचा हिशोब हाताने केला. मेंटेनन्स महिना २,८०० रुपये, ऑक्टोबर ते मार्च सहा बिलं थकलेली. २१ टक्के म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के, म्हणजे एका बिलावर महिन्याला ४९ रुपये. ऑक्टोबरच्या बिलाला सहा महिने, नोव्हेंबरच्या पाच, असं करत मार्चच्या बिलाला एक. एकूण २१ वेळा ४९, म्हणजे १,०२९ रुपये. शीटमध्ये दिसत होते १,०६०. सूत्रात चक्रवाढ घुसली होती.

फरक ३१ रुपयांचा. पण ज्यांची थकबाकी असते ते सभासद याच रुपयांवर सभा तासभर अडवतात, आणि त्यांचं चूकही नसतं. मी पुन्हा लिहिलं, "सरळव्याज, प्रत्येक बिलावर वेगळं, व्याजावर व्याज नाही", तेव्हा सूत्र बरोबर आलं. तेव्हापासून एक पद्धत ठेवली. एआयकडून आकडा घ्यायचा नाही, सूत्र घ्यायचं, आणि कुठल्याही एका ओळीचा हिशोब कागदावर करून मगच सूत्र खाली ओढायचं.

एक काळजी पहिल्यापासून घेतली. सभासदांची नावं, फोन, आधार, पॅन यातलं काहीही कुठल्याही चॅटबॉटला दिलं नाही. यादी देताना फ्लॅट नंबरही बदलून क१, क२ असे केले आणि उत्तर आल्यावर माझ्या शीटमध्ये मूळ नावं परत घातली. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये डेटा कंट्रोल्सखाली आपला मजकूर मॉडेल सुधारायला वापरू देण्याचा पर्याय असतो, तो बंद केला. जेमिनीच्या बाबतीत गूगल स्वतःच सांगतं की काही संभाषणं माणसं तपासतात, तेव्हा गुप्त असं काही लिहू नका. कोणाची किती थकबाकी आहे हे आपल्याकडे जिन्यात सगळ्यांना माहीत असतं हे खरं, पण म्हणून ते सेक्रेटरीने बाहेर द्यावं असं नाही.

वार्षिक अहवाल लिहायला मी मोबाइलच्या कीबोर्डवरचा माइक वापरला. गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करायची सोय २०१७ पासून आहे, तरी कितीतरी जण अजून एकेक अक्षर शोधत बसतात. लोकलमध्ये नाही जमत, गोंगाट फार. घरी ओट्याशी उभं राहून वर्षभरात काय काय झालं ते बडबडले: टाकीची दुरुस्ती, बी विंगचं वॉटरप्रूफिंग, वॉचमनचा बदललेला पगार. विरामचिन्हं नव्हती, "लिफ्ट"चं "गिफ्ट" झालेलं. तो सगळा काला एआयला देऊन "क्रम लाव, चुका काढ, माझ्या वाक्यात नसलेली माहिती घालू नकोस" म्हटलं. पाच मिनिटांत दोन पानांचा अहवाल. शेवटी एक परिच्छेद होता "सर्वांच्या अथक सहकार्याने सोसायटी प्रगतिपथावर" छापाचा, तो काढून टाकला. झेरॉक्स आणि पोस्टाचा खर्च सगळा मिळून अडीच हजारांच्या आसपास गेला. साधनांचा खर्च शून्य.

सभेच्या दिवशी साडेपाचला तेरा जण. गणपूर्तीला (सभेला लागणारी किमान हजेरी) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यात जे कमी ते, म्हणजे आम्हाला २० हवेत. सहापर्यंत थांबलो, मग नोटिशीत लिहिल्याप्रमाणे सभा तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा सुरू केली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही ओळ नोटिशीत आधीच असावी लागते, तेवढी जरूर पाहा.

सुरुवातीलाच मी सगळ्यांना विचारलं, "इतिवृत्तासाठी रेकॉर्डिंग करू का? काम झालं की पुसून टाकीन." एका काकांनी हरकत घेतली, मग ते बोलताना मी रेकॉर्डिंग थांबवायचं असं ठरलं आणि तसंच केलं. नंतर त्या दोन तासांचा मजकूर करून पाहिला तो अक्षरशः भेळ होता. मराठी, हिंदी, मधूनच गुजराती, तीन जण एकदम, त्यात पंखा. पार्किंगच्या विषयावर कोण काय म्हणालं ते कुठल्याच यंत्राला लागलं नसतं, मला स्वतःला लागत नव्हतं.

उपयोगी पडली ती वेगळीच गोष्ट. प्रत्येक विषय संपला की मी फोन तोंडाजवळ घेऊन मोठ्याने म्हणत असे: "विषय क्रमांक तीन. ठराव, सन २०२४-२५ चे हिशोब मंजूर. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, एकमताने." यात लोकांनाही कळायचं की विषय संपला, आता पुढे चला. आणि मजकुरात या ओळी स्वच्छ उतरल्या होत्या. इतिवृत्ताला तेवढंच लागतं. चर्चेतले दोन महत्त्वाचे मुद्दे मी वहीत टिपले होते, ते जोडले. एआयकडून मसुदा मंगळवारी रात्री झाला. पूर्वी जुन्या सेक्रेटरी काकांना याला दिवाळी उजाडायची.

मसुद्यात एक ठिकाणी "सविस्तर चर्चेअंती" असं होतं. वॉचमनच्या बोनसवर कसलीच चर्चा झाली नव्हती, सगळे "मंजूर मंजूर" म्हणून मोकळे झाले होते. तो शब्द काढला. इतिवृत्त हा पुढे वादात पुरावा म्हणून काढला जाणारा कागद आहे, तिथे शोभेची वाक्यं महागात पडतात. नंतर कमिटीने मसुदा वाचून दुरुस्त केला, मी तो इतिवृत्ताच्या वहीत घेतला, अण्णांची सही झाली. रेकॉर्डिंग पुसलं.

विवरणपत्रं भरताना कुठलंही एआय कामाला आलं नाही. ऑनलाइन भरायचं, पान अडकायचं, ओटीपी यायचा नाही, रात्री साडेअकरानंतर जरा चालायचं. ३० सप्टेंबरची मुदत असते, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत सगळा महाराष्ट्र तिथे लोटतो. आम्ही २७ लाच भरून पोचपावती छापून फाइलला लावली.

त्याच सुमाराला घरात दुसरा विषय सुरू होता. जुलैमध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो हे पैशांचं एआय साधन वर्षभर मोफत दिलं, ऑक्टोबरअखेर जिओने जेमिनीची पैशांची योजना १८ महिने, आणि ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने भारतात चॅटजीपीटी गो ही पैशांची योजना वर्षभर. अशी मोफत योजना चालू असेल तर घ्यायला हरकत नाही. पण ऑटोपेची परवानगी मागितली असेल तर मोफत मुदत संपण्याच्या आठवडाभर आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवा, आणि ते खातं सोसायटीच्या बँक खात्याला मुळीच जोडू नका. सोसायटीच्या वर्षभराच्या कामाला साधी फुकटची खाती मला पुरली.

एक गोष्ट मी जूनमध्येच केली होती ती सांगायची राहिली. हे सगळं माझ्या वैयक्तिक ईमेलवर न करता सोसायटीच्या नावाने नवा जीमेल काढला. उपविधींची वही, जुनी इतिवृत्तं, थकबाकीची शीट, नोटिशीचे नमुने, सगळं त्यात. परत मिळवण्याचा फोन नंबर चेअरमनचा, पासवर्ड बंद पाकिटात कपाटात. कमिटीची मुदत संपेल तेव्हा नव्या सेक्रेटरीला शिक्क्याबरोबर ते पाकीट द्यायचं आहे. खजिनदार काकांनी मात्र आत्ताच बजावून ठेवलंय की त्यांची रोकड वही हातानेच लिहिली जाईल.